टेबलावर कोणती लढाई मांडावी?

प्रश्न : आमच्याकडे दर दिवाळीत अंगणात किल्ला होतो. मुंबईहून आलेल्या पुतण्याने सांगितले की परदेशांत मोठी माणसेसुद्धा टेबलावर छोटे सैनिक आणि जहाजे मांडून जुन्या लढाया फासे टाकून पुन्हा लढतात. यंदा आम्हालाही आपल्या किनाऱ्यावरची एखादी लढाई तशी मांडायची आहे. पण घरात तीन मते झाली आहेत. पुतण्याला जंजिरा हवा, भावाला उंबरखिंड, आणि वडील म्हणतात, आपण थळचे, समोर खांदेरी दिसते, तीच घ्या. लढाई निवडायची तरी कशी? शिवाय एक शंका : खेळात शत्रू जिंकला तर ते बरे दिसेल का?
— एक वाचक, थळ (ता. अलिबाग)

उत्तर : निकाल आधीच सांगून टाकतो : तुमच्या वडिलांचे खरे आहे. मात्र ‘घरासमोर दिसते’ यापेक्षा खांदेरीच्या बाजूने बरीच भक्कम कारणे आहेत. ती समजली की पुढच्या वर्षीची लढाई तुम्ही आपली आपण निवडाल. दुसरी शंका पहिलीला चिकटूनच आलेली आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

हा खेळ लहान मुलांचा, असा समज असेल तर तो प्रथम दूर करू. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रायस्विट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने नकाशा, लाकडी ठोकळे आणि फासे यांच्या साहाय्याने खेळायची लढाई नियमांसह तयार केली. सेनाधिकाऱ्यांना ती इतकी पटली की प्रशिक्षणात तिचा वापर सुरू झाला. इंग्लंडमध्ये १८९८ साली फ्रेड जेन यांनी आरमारी लढायांचा खेळ काढला, आणि १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने घरातल्या जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून खेळायच्या नियमांचे एक पुस्तकच लिहिले. छंद म्हणून आज जो खेळ जगभर चालतो तो या दोन-तीन वाटांनी आला. त्यात नशीब असते, पण थोडे. बाकी सगळा भाग निर्णयाचा असतो. आपल्या वाट्याला आलेल्या सेनापतीला जेवढे ठाऊक होते तेवढ्यावर, त्याच्या हाताशी जे होते ते वापरून, पुढची चाल ठरवायची.

लढाई निवडण्याची कसोटी याच निर्णयात आहे. ती लढाई चालू असताना दोन्ही बाजूंना एकापेक्षा जास्त शहाणे मार्ग मोकळे होते का, एवढे विचारायचे. उत्तर ‘हो’ आले तर लढाई खेळण्याजोगी. एका बाजूला काही करण्यासारखे उरलेच नव्हते असे दिसले, तर ती इतिहासात कितीही मोठी असली तरी टेबलावर मरगळते. आपण बहुतेक जण लढाई निवडतो ती तिच्या कीर्तीवरून, आणि इथेच गफलत होते.

तुमच्या भावाची उंबरखिंड घ्या. २ फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने कोकणात पाठवलेला कारतलबखान लोहगडाच्या बाजूने येऊन घाट उतरला आणि खोपोलीजवळच्या त्या दाट रानाच्या चिंचोळ्या वाटेत शिरला. शिवाजी महाराजांनी पुढचे आणि मागचे अशी दोन्ही तोंडे अडवली होती, वरच्या कड्यांवर माणसे पेरली होती. फौजेबरोबर असलेल्या रायबागनने शरण जायचा सल्ला दिला, खंडणी ठरली आणि खान आला तसा परत गेला. महाराजांच्या युद्धकौशल्याचा याहून नेटका नमुना क्वचितच सापडेल. पण आता कारतलबखानाच्या जागी बसलेल्या खेळाडूचा विचार करा. डाव सुरू होतो तेव्हा तो अडकलेलाच आहे. पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही, वर चढता येत नाही. पंधरा मिनिटांत तो शरण येणार आणि चहा मागणार.

म्हणून उंबरखिंड सोडून द्या असे मी म्हणत नाही. डाव एक दिवस आधी सुरू करा. लोहगडाच्या परिसरात खानाची छावणी आहे, समोर बोरघाट आणि कुरवंड्याची वाट असे पर्याय आहेत, हेरांच्या बातम्या अर्धवट आहेत. मराठ्यांच्या बाजूच्या खेळाडूला आपली माणसे कुठे दडवायची ते कागदावर आधीच लिहून पाकिटात बंद करायला लावा. खानाचा निर्णय आता खरा निर्णय झाला. कित्येक लढायांचा निकाल लढाईच्या आधीच लागलेला असतो. खेळ मांडायचा तो निकाल जिथे लागला त्या क्षणावर.

जंजिऱ्याची अडचण वेगळी आहे. वेढा म्हणजे उत्तम लढाई असे वाटणे साहजिक आहे, कारण तट, बुरूज, तोफा असे डोळ्यांना दिसणारे सगळे त्यात असते. प्रत्यक्षात वेढ्याचे दिवस वाट पाहण्यात जातात. दाणागोटा किती उरला, बाहेरून मदत येते का, पावसाळा केव्हा लागतो, यावर सारे चालते. जंजिरा मराठ्यांना कधीच घेता आला नाही. मोहिमा अनेक झाल्या, पण त्यांतली कोणतीही सबंध घेतली तर तुमचा डाव होळीपर्यंत संपायचा नाही. पुतण्याचा हट्टच असेल तर त्याला एक रात्र निवडून द्या. मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी सरदाराने अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण वर चढायची फौज वेळेवर पोचली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढून परतावे लागले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. दोन तुकड्या, एक ठरलेली वेळ, मधे काळोखे पाणी, आणि एकमेकांना खुणावता येत नाही. दोन खेळाडूंना एकमेकांशी बोलू न देता हा डाव खेळवा. संभाजी महाराजांनी १६८२ साली दगड टाकून किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत सेतू बांधायला घेतला होता, तोही मोह होण्यासारखा विषय आहे. पण तो सेतू अपुरा राहिला त्याला कारण घडले घाटाकडून आलेल्या मोगली फौजेचे. म्हणजे टेबल एकदम कल्याणपासून मुरूडपर्यंत ताणावे लागेल.

आपल्या जिल्ह्यात आणखीही लढाया आहेत. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून गेले. इंग्रजांकडून कमोडोर मॅथ्यूज, पोर्तुगीजांकडून खुद्द व्हाइसरॉय. दोन दोस्तांचे आपसांत जमले नाही, बाजीरावांचे घोडदळ येऊन ठाकले आणि पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह करून अंग काढून घेतले. खेळाडू चार असतील आणि भांडायची हौस असेल तर हा डाव रंगतो. १५०८ च्या मार्चमधली चौलची आरमारी लढाई त्याहून सुटसुटीत. इजिप्तच्या सुलतानाचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज एका बाजूला, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा दुसऱ्या बाजूला. निघून जाताना लोरेन्सोचे जहाज खाडीच्या तोंडाशी मासेमारीच्या खुंटांत अडकले आणि तो तिथेच मारला गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बापाने दीवजवळ त्याचा सूड घेतला. रेवदंड्याच्या खाडीवर राहणाऱ्या कुणालाही त्या खुंटांचे महत्त्व सांगायला नको. टेबलावर ते टाचण्यांनी दाखवता येतात, आणि ते नेमके कुठे आहेत हे परक्या खेळाडूला सांगायचे नाही.

पानिपत, हल्दीघाटी, वॉटर्लू ही नावे मनात येत असतील तर पहिल्या वर्षी थांबा. मोठ्या लढाईत मोहरे शेकड्यांनी लागतात, आणि घरातली निम्मी माणसे आपली पाळी येईपर्यंत जांभया देत बसतात.

आता खांदेरी. ही लढाई कसोटीला का उतरते ते पाहण्यासाठी आधी कोणाला काय हवे होते ते लक्षात घेऊ. खांदेरी मुंबई बंदराच्या दक्षिणेला, येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांच्या वाटेवर. तिथे तोफा चढल्या की मुंबईकर इंग्रजांवर नजर राहते आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुंबईशी असलेला संबंध धोक्यात येतो. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरातच आसरा घेत असे. महाराजांनी १६७२ साली बेट बांधायचा प्रयत्न करून पाहिला होता, तेव्हा जमले नाही. १६७९ च्या ऑगस्ट अखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचायला सुरुवात झाली. इंग्रजांनी मचवे आणि शिबाडे पाठवून बेटाभोवती पहारा बसवला. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. त्यानंतर इंग्रजांनी रिव्हेंज नावाचे फ्रिगेट आणि आणखी जहाजे आणून नाकेबंदी आवळली.

इथे एक प्रश्न हमखास येतो : मोठी जहाजे आणि मोठ्या तोफा इंग्रजांकडे, मग बेटावर सामान पोचत कसे राहिले? कारणे पाण्यात आणि वाऱ्यात आहेत. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते आणि शिडात वारा भरावा लागतो. मराठ्यांच्या लहान होड्यांना दोन्हींची गरज कमी. तळ उथळ, वल्ही हाताशी, त्यामुळे वारा पडलेला असला किंवा उलटा असला तरी त्या चालतात आणि खडकांजवळून जातात. किनारा चार-पाच किलोमीटरवर. तेवढे अंतर काळोखात कापायला एक रात्र पुरून उरते. तेव्हा नाकेबंदी करणाऱ्याला रोज रात्री जागायचे आणि सगळीकडे असायचे, तर नाकेबंदी फोडणाऱ्याला एखाद्या रात्री एकाच फटीतून जायचे. खेळाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. बळ एकाकडे जास्त, सोय दुसऱ्याकडे जास्त, आणि दोघांनाही दर डावात नवा विचार करावा लागतो.

मग १८ ऑक्टोबरची सकाळ येते. इंग्रजांची आठ जहाजे बेटाजवळ नांगरून पडली होती : रिव्हेंज हे फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. रिचर्ड केग्विन प्रमुख. (याच केग्विनने पुढे १६८३ साली आपल्याच कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई ताब्यात घेतली, त्यावर वेगळा डाव होईल.) मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याचे आरमार चौलच्या थोडे उत्तरेकडून निघाले, पन्नास-साठ गलबते, नाळेवरच्या तोफा डागत. ती इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही नीट सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत एका गुराबेने निशाण उतरवले आणि मराठ्यांनी ती ओढून नेली. बाकीची लहान जहाजे दूर राहिली. रिव्हेंज एकटे उरले आणि लढले. पाच गलबते बुडवली असे इंग्रज लिहितात. अखेर मराठी आरमार उथळ खाडीच्या आश्रयाला गेले, जिथे फ्रिगेटला पाठलाग करून आत शिरता येत नाही.

ही माहिती आली कुठून, हेही निवडीच्या वेळी विचारायला हवे, कारण हकिकत पुरेशी नसेल तर टेबलावर निम्म्या गोष्टी मनाने भराव्या लागतात. खांदेरीबद्दल मुंबई आणि सुरत यांच्यातला कंपनीचा पत्रव्यवहार टिकून आहे, म्हणून तारखा, जहाजे, माणसे इतकी तपशिलाने मिळतात. मराठी बाजूने इतके दिवसवार काही नाही. परिणामी दौलतखानाची चाल आपल्याला त्याच्या शत्रूच्या डोळ्यांनी दिसते. पाच गलबते बुडवल्याचा आकडा बुडवणाऱ्याचा आहे. शरण गेलेल्या गुराबेवर भ्याडपणाचा ठपका ठेवणारेही इंग्रजच, आणि ठपका ठेवणाऱ्याला वरिष्ठांपुढे स्वतःची बाजू सावरायची असते. नियम बनवताना या नोंदी घ्या, पण मराठी गलबते त्या पत्रांत दिसतात तितकी कच्ची धरू नका.

तारखेबाबत एक बारीक गोष्ट आहे, ती कळल्यावर मला स्वतःला फार आनंद झाला. इंग्रज त्या काळी जुनी ज्यूलियन दिनगणना वापरत. ती आपल्या आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होती. म्हणजे त्यांचा १८ ऑक्टोबर हा आजच्या हिशेबाने २८ ऑक्टोबर १६७९. चंद्राचे गणित मागे नेले तर हा दिवस आश्विन वद्य अष्टमीच्या आसपास पडतो, दिवाळीच्या अमावास्येच्या साधारण एक आठवडा आधी. तुम्ही किल्ला करायला माती आणता त्याच दिवसांत ही लढाई झाली. आता शाळेतला नियम आठवा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे त्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास भरती, आणि अष्टमी असल्यामुळे भांगाची, उधाणाची नाही. खाडीच्या तोंडावरच्या उथळ पट्ट्यावरून गलबते बाहेर काढायला पाणी पुरेसे, ऑक्टोबरातल्या पहाटेचा मतलई वारा बहुधा मंद, आणि समोरची शिडाची जहाजे नांगरलेली. हा माझा हिशेब आहे, पत्रातली नोंद नव्हे. पण टेबलावर भरती-ओहोटी मांडायला तो उपयोगी पडेल.

मांडणीचे मोजमाप सांगतो. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल घ्या आणि एक फूट म्हणजे एक किलोमीटर धरा. थळचा किनारा, मधले उंदेरी बेट आणि खांदेरी एवढ्यात बसतात. चौल बसत नाही, म्हणून मराठी आरमार दक्षिणेच्या कडेवरून आत येईल. एक पाळी म्हणजे पाच मिनिटे. वल्ह्यांवरचे गलबत तासाला साडेपाच किलोमीटर जाते असे धरले तर पाच मिनिटांत सुमारे ४६० मीटर, टेबलावर साडेपाच इंच. त्या काळच्या लहान तोफांचा परिणामकारक पल्ला चार इंच धरा. आता मोजपट्टी ठेवून बघा : पल्ल्याबाहेर उभे असलेले गलबत एका पाळीत येऊन भिडते. तोफ डागून परत भरायला वेळ लागतो, म्हणजे इंग्रज खेळाडूला भिडण्याआधी एकदाच, फार तर दोनदा तोफा डागता येतील. नांगरलेल्या जहाजाला हलायला दोन पाळ्या लागतील असा नियम करा. ‘नांगर उचलायला सवड मिळाली नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या मुलांना पुस्तकाशिवाय समजेल.

गलबतांना वाऱ्याचे बंधन नको. फ्रिगेटला वाऱ्याबरोबर आठ इंच, वाऱ्याविरुद्ध दोन. शेजारचे जहाज शरण गेले की लहान इंग्रज जहाजाने फासा टाकायचा, तीन किंवा कमी पडले तर ते दोन पाळ्या पुढे येत नाही. त्या सकाळी जवळजवळ सगळीच मागे राहिली, म्हणून नियमानेच सगळ्यांना मागे ठेवायचा मोह होईल. तो टाळा. घडले ते घडू शकण्याजोग्या अनेक गोष्टींपैकी एक होते, आणि बाकीच्या शक्यता मोकळ्या ठेवल्या तरच केग्विनच्या जागी बसलेल्याला काही करण्यासारखे राहते.

बेटावर काय ठेवायचे, यात मात्र सगळीकडे चूक होते. आज खांदेरीवर जो तट दिसतो तो डोळ्यांपुढे ठेवून लोक पक्का किल्ला मांडतात. १६७९ च्या त्या महिन्यांत काम चालू होते : अर्धवट रचलेले दगडी आडोसे आणि मोजक्या तोफा. दीपगृह १८६७ चे, तेही नको. उंदेरीवर तेव्हा किल्ला नव्हता. टेबल दक्षिणेकडे थोडे सरकवून अलिबाग घेतले तर कुलाबाही ठेवू नका, त्याचे बांधकाम १६८० चे. बेटाला दोन टेकाडे आणि मधे सखल भाग आहे, उतरायची जागा त्या सखल भागाशी. पेणला गणपतीच्या कारखान्यांत शाडू माती मिळते, तिची दोन टेकाडे तासाभरात होतात. दिवाळीच्या बाजारातले मातीचे मावळे मात्र इथे चालणार नाहीत. ते बोटभर उंच, आणि या मापात वीस मीटर लांबीचे गलबत जेमतेम सहा मिलिमीटरचे भरते. खेळणारे सहसा जहाजे थोडी मोठी ठेवतात, नाहीतर चिमट्याने उचलावी लागतील. दीड-दोन सेंटिमीटरच्या काडेपेटीच्या काड्या, वर कागदी शीड, एवढे पुरे. मावळे किल्ल्यावरच राहू द्या.

आता तुमची दुसरी शंका. शत्रू जिंकला तर? इथे खांदेरीच आपल्याला वाट दाखवते. १८ ऑक्टोबरचा दिवस घेतला तर रिव्हेंज हरले नाही आणि मराठी आरमार मागे गेले, हे मान्य करावे लागते. पण त्या दिवसानंतरही बेटावर सामान आणि तोफा चढतच राहिल्या. नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली, मार्चमध्ये महाराजांशी समझोता केला, आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. एका सकाळची लढाई आणि साऱ्या मोहिमेचा हेतू यांची गल्लत केली की कोण जिंकले हे सांगताच येत नाही.

यावरून नियम असा करा : जहाजे किती बुडाली यावर जय ठरवू नका, तटाचे थर मोजा. डाव दोन भागांत खेळा. पहिल्या भागात एक पाळी म्हणजे एक रात्र. मराठा खेळाडू किती होड्या, कोणत्या बाजूने पाठवायच्या ते लिहून ठेवतो, इंग्रज आपला पहारा मांडतो, मग दोघे कागद उघडतात. जी होडी पोचली तिचा एक थर. सात-आठ रात्रींनंतर १८ ऑक्टोबरचा डाव, आणि तो संपला की पुन्हा रात्री. दहा थर झाले तर मराठे जिंकले, न झाले तर इंग्रज. पहिल्या खेळात आकडा जास्त किंवा कमी वाटला तर दुसऱ्या खेळात बदला.

मग समजा इंग्रजांच्या बाजूला बसलेली तुमची पुतणी जिंकली, बेटाचे दहा थर पुरे झाले नाहीत. यात मायनाक भंडारीचा अपमान काहीही नाही. उलट, इंग्रजांना जिंकण्याची खरी संधी होती हे तिच्या हातून सिद्ध झाले, आणि दीडशे माणसांनी ती संधी त्यांना दिली नाही ही गोष्ट केवढी मोठी आहे ते घरातल्या सगळ्यांना दिसले. निकाल आधीच ठरवून मांडलेल्या डावात शौर्याला जागाच राहत नाही, कारण धोकाच राहत नाही. एक पथ्य मी जरूर सांगेन : दोन्ही बाजू प्रत्येकाने खेळाव्यात. सकाळी दौलतखान झालेल्याने दुपारी केग्विन व्हावे. शत्रूच्या जागी बसल्याशिवाय त्याला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय आपल्या माणसांनी काय साधले तेही नीट कळत नाही.

खेळाडू तीन असतील तर तिसऱ्याला सिद्दी कासम करा. तो इंग्रजांचा दोस्त म्हणून टेबलावर येतो, पण त्याला बेट स्वतःसाठी हवे आहे. इंग्रज खेळाडूला हे सांगायचे नाही. सिद्दीला एक बंद चिठ्ठी द्या : खांदेरी इंग्रजांच्या हाती गेली तर तू हरलास, उंदेरी तुझ्या हाती आली तर तू जिंकलास. हे मनाने रचलेले नाही. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने खरोखरच उंदेरीवर माणसे उतरवून तिथे ठाण मांडले.

आणि खांदेरी दोन्ही बाजूंनी खेळून झाली की त्याच टेबलावर, बेटे न हलवता, पुढचा डाव उंदेरीचा लावा. त्यात भूमिका उलटतात. आता बेटावर बसून दगड रचणारा सिद्दी आहे आणि त्याला उठवायला दौलतखान आला आहे. उंदेरी किनाऱ्याला खांदेरीपेक्षा पुष्कळ जवळ, म्हणून मराठ्यांना समोरच्या किनाऱ्यावर तोफा चढवून मारा करता येतो, जो पर्याय इंग्रजांना खांदेरीत नव्हता. एवढे असूनही हल्ला फसला आणि उंदेरी सिद्दीकडे राहिली. का फसला, ते तुमच्या पुतण्याला टेबलावर शोधू द्या. जंजिरा मिळाला नाही म्हणून तो रुसला असेल, तर या डावात सिद्दी त्यालाच करा.